कुंडीतला ओक

शाळेच्या पारितोषिक समारंभात मुख्याध्यापकाने काय बोलावे, याचे काही ठरलेले साचे असतात. माझ्या भाषणात एक वाक्य हमखास असे: ‘पालकहो, आपल्या मुलांचे बोन्साय करू नका.’ या वाक्याला टाळ्या पडत. काही माता शेजारी बसलेल्या पतिराजांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत. निवृत्त होईपर्यंत मी हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. आणि या सर्व काळात मी एकही बोन्साय नीट पाहिलेले नव्हते.

मराठीत हा शब्द आला तोच मुळी एखाद्या शिवीसारखा. खुंटलेली प्रतिभा म्हणजे बोन्साय, दडपलेली स्त्री म्हणजे बोन्साय, वशिल्याअभावी मागे राहिलेला लेखक म्हणजेही बोन्साय. जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साई’ म्हणजे लावणे. बिचाऱ्या शब्दात निंदा कुठेच नाही. पण आपण मनाशी एक चित्र रंगवून ठेवले आहे: एक महावृक्ष होऊ शकणारे रोपटे, त्याची मुळे कापलेली, अंग तारेने जखडलेले, आणि त्याला उपाशी ठेवून ठेंगणे करणारा एक हौशी निर्दय माणूस. या चित्रामागचा प्रश्न मात्र खोटा नाही. दुसऱ्या जिवाला आपल्या मनातल्या आकारात वाढवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? हा प्रश्न आईबाप, शिक्षक, धर्मगुरू, सर्वांनाच लागू पडतो. माझी चूक एवढीच की, झाडाकडे न पाहताच मी त्याचे उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला गेलो. लंडनच्या दक्षिणेला एका लहान गावात तिचे घर आहे. मागे अंगण, आणि अंगणात कंबरेएवढ्या उंचीची लाकडी मांडणी. मांडणीवर पाच कुंड्या: तीन ओकच्या, दोन स्कॉट्स पाइनच्या. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातल्या चिडाचा सगोत्र. पण ही जात उत्तरेकडील थंडीची, निळसर हिरव्या सुया जोडीजोडीने धरणारी. ओक तर त्या देशाच्या मातीतलाच. ही झाडे पाहिली मात्र, आणि माझे जुने भाषण आपोआप तोंडातून बाहेर पडले. वसईच्या वाडीत वाढलेल्या कुटुंबातल्या मुलीने हे असले काही करावे याचे मला खरोखर वाईट वाटले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पप्पा, महिनाभर यांना पाणी घाला. मग बोला.”

तेव्हा पाण्यापासून सुरुवात झाली. पाणी घालता घालता एकेका गोष्टीची माहिती होत गेली, आणि माझे रंगवलेले चित्र एकेका बाजूने उखडू लागले.

ओकची तिन्ही झाडे तिने २०१५ सालच्या ऑक्टोबरात गावातल्या उद्यानातून वेचलेल्या फळांपासून वाढवली होती. ओकचे फळ म्हणजे टोपी घातलेले गुळगुळीत बोंड. ते वाळले की मेले. म्हणून वेचल्याबरोबर पाण्यात टाकायचे, तरंगतील ती फेकायची, बुडतील ती लगेच ओलसर मातीत लावायची. आधी मूळ खाली जाते. कोंब वर यायला वसंत उजाडतो. ते मूळ सरळ पाताळात शिरणारे सोटमूळ असते. दुसऱ्या वर्षी, कळ्या फुटण्याच्या बेताला, तिने रोपे उपटून ही सोटमुळे निम्म्याने छाटली आणि मुळांखाली एकेक सपाट कौल ठेवून रोपे पुन्हा लावली. त्यामुळे मुळे खाली न जाता चहूबाजूंना पसरतात.

हीच ती मुळे कापण्याची क्रूरता, असे मला वाटले. परंतु कापलेल्या सोटमुळाच्या जागी बारीक तंतुमुळांचा झुपकाच्या झुपका फुटतो, आणि झाड अन्नपाणी घेते ते याच बारीक मुळांनी. उपाशी ठेवण्याची गोष्ट तर साफ चुकीची निघाली. नवशिके बहुधा उलटीच चूक करतात: रोप हाती आले की लगेच लहानशा सुबक कुंडीत बसवतात. तशाने खोड काडीसारखेच राहते. खोडाला जाडी यायची तर रोपाला आधी काही वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मनसोक्त वाढू द्यावे लागते, भरपूर खत द्यावे लागते. मुलीचे ओक पाच वर्षे अंगणातल्या वाफ्यात होते. उथळ कुंडीत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. आणखी एक गोष्ट. हे ठेंगणेपण झाडाच्या बीजात उतरत नाही. उद्या हाच ओक कुंडीतून काढून जमिनीत लावला, तर तो इतर ओकांसारखाच वाढत जाईल. ‘खुंटलेला’ हा शब्द येथे लागू पडत नाही हे मला कबूल करावे लागले.

जूनमध्ये ती ओकचे लांबलेले धुमारे दोन-दोन पानांवर खुडत असे. दोन-तीन आठवड्यांत मागच्या जुन्या लाकडातून नवे डोळे फुटत, अगदी जिथे काहीच नव्हते अशा जागीसुद्धा. मला त्याचे कौतुक वाटू लागले. पुढे ऑगस्टात त्यांना पालवीचा दुसरा बहर आला. इंग्रज माळी या बहराला ‘लॅमस’ची वाढ म्हणतात. लॅमस हा १ ऑगस्टचा जुना ख्रिस्ती सण. नव्या गव्हाची पहिली भाकरी देवळात आशीर्वादाला नेण्याचा, आपल्याकडे गोव्यात ऑगस्टात कणसांचे फेस्त होते त्याच जातीचा. सण लोक विसरले, झाडाच्या पालवीत नाव तेवढे राहिले. या कोवळ्या पालवीवर भुरीही लवकर पडते. पण ते असो.

ओकचे पाहून मला धीर आला, आणि शिक्षकाला धीर आला की तो हात चालवू लागतो. एके दुपारी मुलगी कामावर असताना मी थोरल्या पाइनची एक बेंगरूळ लांबलेली फांदी ओकसारखीच मागे कापली. शेंड्याकडे सुयांचा झुपका होता तो गेला; मागे उघडे लाकूड राहिले. संध्याकाळी तिने ते पाहिले आणि क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, “पप्पा, हिच्यावर हिरवं काहीच उरलं नाही.” ओक जुन्या लाकडातून पुन्हा फुटतो; पाइनच्या फांदीवर एकही सुई उरली नाही, तर ती फांदी बहुतेक संपलीच म्हणायची. तीन आठवडे मी रोज सकाळी ती फांदी न्याहाळत होतो. ती तपकिरी होत गेली आणि वाळली.

पाइनचे सगळेच वेगळे. वसंतात त्याच्या फांद्यांच्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे उभे कोंब येतात. जोरदार असतील ते मोडून आखूड करायचे आणि अशक्त असतील त्यांना हात लावायचा नाही. कुंडी बदलताना ओकची माती बरीचशी झाडून टाकता येते. पाइनच्या मुळांत मात्र पांढऱ्या बुरशीचे धागे गुंतलेले असतात. ती बुरशी रोग नव्हे. तिच्या साहाय्यानेच झाड मातीतले अन्न शोषते. म्हणून मुळे धुऊन स्वच्छ करायची नाहीत. एका वेळी अर्धीच माती बदलायची, उरलेली अर्धी काही वर्षांनी. टापटिपीच्या हव्यासाने पाइन मारल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. तारसुद्धा शिक्षेसाठी नसते. फांदी हळूहळू वळवून तारेने धरायची. वाकलेल्या जागी तिचे लाकूड धरले की तार काढून टाकायची. काढायला उशीर झाला तर तार सालीत रुतते आणि तो वण पुढे कित्येक वर्षे दिसत राहतो. तेव्हा ज्याला तार बांधायची आहे त्याने ती केव्हा सोडवायची हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ही गोष्ट मला शिक्षकी पेशाच्या कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती.

येथवर आल्यावर वाचक विचारतील, मग काय बोन्साय निर्दोष ठरले? मी तसे म्हणणार नाही. झाडाला मज्जासंस्था नाही. जगदीशचंद्र बसूंनी वनस्पती उद्दीपनाला प्रतिसाद देतात हे दाखवले, हे खरे. पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. तेव्हा क्रौर्याचा आरोप मी मागे घेतो. परंतु दुसरा आरोप उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे. द्राक्षवेलीची छाटणी आपण प्रभूच्या दृष्टान्तातून ओळखतो: वेलीने अधिक फळ द्यावे म्हणून ती छाटायची. माझे वडील जानेवारीत मोगरा छाटत तो फुले यावीत म्हणून. छाटण्याचा हेतू वेलीच्या स्वतःच्या धर्माशी जुळणारा असतो. कुंडीतला ओक ना सावली देतो, ना त्याच्याखाली कोणी बसतो. त्याला छाटायचे ते कोणासाठी? प्रामाणिक उत्तर एकच आहे: आपल्या डोळ्यांसाठी. म्हाताऱ्या वृक्षाचे रूप हातभर उंचीत पाहण्याचा आनंद आपल्याला हवा असतो. झाडाला त्यात विचारलेले नसते.

मुलीपुढे मी हे मांडले. ती म्हणाली, “तुम्ही मला बोटीत घालून पहिलीत पोर्तुगीज शिकायला पाठवलं नाहीत, मराठी शाळेत घातलंत. मला कुठं विचारलं होतं?” आम्ही हसलो. पण तिचे म्हणणे बरोबर होते. न विचारता घडवणे टाळता येत नाही. ज्याला वाढवायचे त्याला कोणत्या तरी मातीत लावावेच लागते. प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही, हे मला त्याच जुलैत उमगले.

मुलगी दहा दिवस कामासाठी स्कॉटलंडला गेली होती. १८ आणि १९ जुलैला इंग्लंडात कधी नव्हे असे ऊन पडले. १९ तारखेला लिंकनशायरमधील कोनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. वसईकराला चाळीस अंशांचे काय नवल, असे मी सुरुवातीला म्हणत होतो. परंतु या कुंड्या चार बोटे खोल. त्यांतली माती खड्यांसारखी, पाणी क्षणात निथळून जाणारी. सकाळी घातलेले पाणी दुपारी नाहीसे. मी कुंड्या भिंतीच्या सावलीत हलवल्या, दिवसातून तीनदा पाणी घातले, आणि रात्री दोन वाजता उठून मातीत बोट खुपसून पाहिले. पत्नीने विचारले, “एवढं काय आहे त्यांत?” त्या वेळी मला वडिलांची आठवण झाली. वाडीत बावखलाच्या काठावर रहाट होता. रहाट बंद पडला, बैल आजारी पडला, घरात लग्न निघाले, तरी केळी-माड चार दिवस तग धरत. शेजारी एकदा अंगणात दोन-तीन शोभेच्या कुंड्या घेऊन आले तेव्हा वडील एवढेच म्हणाले होते, “जमिनीतलं झाड पावसाच्या हवाली करता येतं. हे कोणाच्या हवाली करणार?”

बोन्सायचा नैतिक प्रश्न माझ्या मते येथे आहे. कापण्यात तो फारसा नाही. जमिनीतल्या ओकचे मूळ पाण्याच्या शोधात खोल जाऊ शकते. कुंडीतल्या ओकची ती वाट आपण बंद केलेली असते. त्याची सौंदर्याशी तडजोड झाली म्हणून मी अस्वस्थ होत नाही. त्याचे जगणे माझ्या आठवणीवर टांगले गेले, म्हणून होतो. ज्याने एखाद्या जिवाला असे आपल्यावर अवलंबून केले, त्याला नंतर ‘मी थकलो’, ‘माझी बदली झाली’, ‘माझी हौस फिटली’ असे म्हणायची मोकळीक राहत नाही. राहत असेलच तर, पाणी घालणारा दुसरा हात शोधून दिल्यानंतर.

हे काही लोकांनी फार दूरवर नेले आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला गेला आहे, अशी त्याची नोंद आहे. हिरोशिमातील यामाकी घराण्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा हे झाड त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. रोपवाटिकेच्या भिंतीने ते वाचवले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा जपानने पन्नासवर बोन्साय भेट दिली. त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. त्याच देशाला. बाँबची हकीकत वृक्षोद्यानाला कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. क्षमेची ही गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाँब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, त्या ऑगस्टच्या उन्हात, कोणीतरी त्या झाडाला पाणी घातले असले पाहिजे. नाहीतर ते वॉशिंग्टनला पोहोचलेच नसते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे मला सोपे नाही. ‘मुलांचे बोन्साय करू नका’ असे मी व्यासपीठावरून सांगत होतो त्याच वर्षांत एका मुलाला मी माझ्या घरी आणून ठेवले होते. महामार्गापलीकडच्या पाड्यावरचा, गणितात विलक्षण हुशार. त्याच्या आईबापांना समजावून मी त्याला आणले. त्याची बोली सुधारली, केस कापवले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. भातलावणीला घरी जायचा हट्ट धरला तेव्हा जाऊ दिले नाही. दोन वर्षांनी माझी दुसऱ्या शाळेवर नेमणूक झाली. नवी इमारत, नवा पालकसंघ, देणग्या. त्याला मी एका ओळखीच्या वसतिगृहात ठेवून दिले आणि सुट्टीत भेटायला येईन असे म्हणालो. पहिल्या सुट्टीत गेलो. नंतर गेलो नाही. नववीत त्याने शाळा सोडली. पाड्यावर परत गेला तेव्हा लावणी करायला हात वळत नव्हते, आणि शहरात त्याला कोणी विचारत नव्हते, असे फार पुढे कानावर आले.

मला दोष द्यायला कोणी आले असते, तर मी म्हणालो असतो, की मी त्याला वाढवू पाहत होतो, ठेंगणा करू पाहत नव्हतो. ते खरेच आहे. माझा लाडका शब्द मला तिथे पूर्ण निर्दोष ठरवत होता, कारण त्या शब्दात पाप सगळे कात्रीत आणि तारेत भरलेले. पाणी घालायचे विसरणाऱ्यासाठी त्यात जागाच नव्हती. त्याची बोली बदलणे योग्य होते की नाही यावर वाद घालता येईल. लावणीला जाऊ न देणे चूकच होते. पण त्याला त्याच्या जमिनीतून उचलल्यावर मी जायला नको होते. गेल्या वर्षी मी त्याचा पत्ता मिळवला आहे. तो आता पन्नाशीला आला असेल. पत्र दोनदा लिहायला घेतले.

त्या ऑक्टोबरात आम्ही परत आलो. निघण्यापूर्वी मी मुलीला विचारले की, मेलेली फांदी कापून का टाकत नाहीस? बोन्सायमध्ये अशी वाळलेली फांदी साल सोलून तशीच ठेवण्याची पद्धत आहे. तिला ‘जिन’ म्हणतात. डोंगरावर वीज पडून वाळलेल्या फांद्या असतात तशी ती दिसते. तिने चाकूने साल सोलली आणि खालचे लाकूड पांढरे निघाले. “राहू दे,” ती म्हणाली, “वाईट नाही दिसत.” मला ती वाईटच दिसत होती, पण मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी तिला नोकरीसाठी शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहायला जावे लागले. अंगण नाही, गच्ची नाही. ओक आणि पाइन घरात जगत नाहीत. त्यांना थंडी, पाऊस आणि हिवाळ्याची झोप लागते. तिने फोनवर मला विचारले, काय करू? आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी दोन ओक तिने एका मैत्रिणीच्या शेताच्या बांधावर लावून टाकले. पहिला उन्हाळा मैत्रीण पाणी घालील, पुढे त्यांचे ते पाहतील. तिसरा ओक आणि दोन्ही पाइन शेजारच्या एका निवृत्त पोस्टमनने मागून घेतले. त्यांच्यासाठी तिने वहीची चार पाने लिहून काढली: कोणती फांदी केव्हा तारेतून सोडवायची, कोणत्या पाइनची अर्धी माती कोणत्या वर्षी बदलली आहे, उन्हाळ्यात पाणी किती वेळा. चौथ्या पानावर आणखी एका शेजारणीचे नाव आणि फोन नंबर होता. पोस्टमन गावाला गेले तर तिने यायचे, असे ठरले होते.